फोनवर सगळं आहे, मग कपाटात काय ठेवायचं?

या महिन्याच्या पत्रांत भांडण एकच आहे, घरं तेवढी वेगळी. एका पिढीनं पगारातून पैसे बाजूला काढून रेकॉर्ड्स आणि कॅसेट्स जमवल्या. पुढची पिढी म्हणते, हे सगळं फोनवर मिळतं, कपाट मोकळं करा. नव्या वाचकांसाठी माझ्याबद्दल दोन ओळी: कोल्हापुरात राजारामपुरीत माझं कॅसेटचं दुकान होतं. कॅसेट्स विकायचो, लोकांच्या यादीप्रमाणे गाणी भरून द्यायचो, कॅसेट वाजवायचे डेक आणि रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करायचो. आता तीच गिऱ्हाइकं किंवा त्यांची मुलं त्याच कॅसेट्स घेऊन येतात आणि मी त्यातला आवाज कॉम्प्युटरवर उतरवून देतो. पत्रं लांब होती, थोडी छाटली आहेत.

प्रश्न: मी ७४ वर्षांचा, निवृत्त. आमची डोंबिवलीतली इमारत पुनर्विकासाला गेली. भाड्याच्या घरात जागा नाही. माझ्याकडे सातशेच्या आसपास कॅसेट्स, शंभरेक एलपी रेकॉर्ड्स आणि वडिलांच्या वेळच्या थोड्या जुन्या तबकड्या आहेत. मुलगा म्हणतो, "बाबा, यातलं प्रत्येक गाणं मी फोनवर लावून देतो, हे ओझं कशाला?" तो प्रेमानंच सांगतो, पण भंगारवाल्याला बोलवायचं माझ्या मनाला पटत नाही. काय करू?

भंगारवाल्याला बोलवू नका, आणि सगळंच्या सगळं भाड्याच्या घरातही नेऊ नका. मुलगा म्हणतो ते बरंचसं खरं आहे. जेवढं खरं नाही, तेवढ्यातच तुमच्या घरचा मोलाचा ऐवज आहे.

कॅसेट्सचे दोन ढीग करा. एकात कंपनीच्या छापील कॅसेट्स, दुसऱ्यात हातानं लिहिलेल्या. छापील ढिगाबाबत मन घट्ट करा. सिनेमाची गाणी, भावगीतं, नाट्यपदं यांची मूळ ध्वनिमुद्रणं कंपन्यांकडे होती, तीच पुढे सीडीवर आणि मग फोनवर आली. छापील कॅसेट कारखान्यात कित्येक पट वेगानं भरली जायची, त्यात वरच्या सुरांची चमक थोडी जायचीच. वर तीस-चाळीस वर्षं गेली. आज तेच गाणं फोनवर तुमच्या कॅसेटपेक्षा स्वच्छ ऐकू येईल, आणि हे मी आयुष्यभर कॅसेट्स विकलेला माणूस सांगतोय. ज्यांच्याशी काही आठवण बांधलेली आहे तेवढ्या एका खोक्यात ठेवा, बाकीच्यांना निरोप द्या.

पण देण्याआधी एक संध्याकाळ मुलाला शेजारी बसवा. तुम्ही कॅसेटचं कार्ड वाचा, त्यानं फोनवर शोधावं. दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. पहिली, इंग्रजी स्पेलिंग. आपल्या गायकांची नावं तिथे तीन-तीन प्रकारे लिहिलेली असतात, कधी 'वसंतराव' जोडून तर कधी तोडून. एका स्पेलिंगनं सापडलं नाही म्हणजे नाहीच, असं समजू नका. दुसरी जास्त महत्त्वाची: गाणं तेच असलं तरी गायन तेच आहे का? गीतरामायणाचंच घ्या. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक याप्रमाणे त्याची ५६ गाणी प्रसारित झाली, तेव्हा ती एकट्या बाबूजींनी, म्हणजे सुधीर फडके यांनी, गायलेली नव्हती. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर असे किती तरी आवाज त्यात होते. पुढे ध्वनिमुद्रिका निघाल्या त्या सुधीर फडके यांच्या आवाजात, आणि आज फोनवर शोधलं की आधी त्याच समोर येतात. त्या अप्रतिमच आहेत. पण तुमच्याकडे कुणी रेडिओवरून उतरवलेली दुसऱ्या आवाजातली गाणी असतील तर ती 'तीच गाणी' म्हणून टाकू नका.

आता दुसरा ढीग. कोऱ्या आणून भरलेल्या कॅसेट्स: टीडीकेची डी-६०, मेलट्रॅकची सी-९०, वर बॉलपेननं लिहिलेलं आणि पुन्हा खोडलेलं. यातली एकही कॅसेट नीट ऐकल्याशिवाय टाकू नका. गल्लीतल्या गणेशोत्सवातलं गाणं, रात्रीच्या संगीतसभेचं रेडिओवरून उतरवलेलं गायन, एखादं कीर्तन, घरच्या लग्नातल्या मंगलाष्टका. हे कुठल्याही ॲपवर नाही आणि येणारही नाही, कारण ते फक्त तुमच्या कपाटात आहे. माझ्याकडे गडहिंग्लजहून एका शिक्षकांच्या घरची कॅसेट आली होती. लेबलवर एवढंच: 'गणपती, शेवटची रात्र, अण्णांची पेटी'. अण्णा म्हणजे गावातले एक शिंपी, त्यांचं नाव कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. कॅसेटवर पाऊण तास पेटी आहे. मधे कुणी तरी खोकतं, कुणी "चहा आलाय" म्हणतं, अण्णा थांबत नाहीत. पिलू रागाचं त्यांनी त्या रात्री जे केलं ते ऐकून मी हातातलं काम खाली ठेवलं. त्या माणसाची कला आज जगात फक्त त्या पट्टीवर आहे. तुमच्या सातशेत असं एखादं निश्चित निघेल.

मुलाला सांगा, फोनवर गाणी लावून देण्यापेक्षा हा ढीग उतरवून घ्यायला मदत कर. माझा अनुभव असा की अशी कामं सुरू झाली की मुलंच रात्री उशिरापर्यंत बसतात.

एलपींबद्दल थोडंच सांगतो. शक्य तेवढ्या ठेवा, आणि त्या कव्हरच्या मागच्या बाजूसाठीही ठेवा. गोविंदराव पटवर्धन, आप्पासाहेब जळगावकर, वसंतराव आचरेकर, नाना मुळे ही नावं मी तिथे वाचून शिकलो. फोनवर बऱ्याचदा गायकाचं नाव असतं आणि पेटी-तबल्याला कोण होतं ते गळलेलं असतं. ज्या एलपी देणार असाल त्यांच्या मागच्या बाजूचे फोटो आधी काढून घ्या. आणि ठेवाल त्या उभ्या ठेवा. आडव्या रचल्या की खालच्या वाकतात.

प्रश्न: मी १९ वर्षांची, लातूरला शिकते. दिवसातले तीन-चार तास माझ्या कानात गाणी असतात. आजी म्हणते, "तुम्ही ऐकत नाही, नुसतं वाजवता." मला वाईट वाटतं, कारण मला गाणी खरंच आवडतात. आजीचं बरोबर आहे का?

निम्मं. आधी तुझ्या बाजूनं बोलतो, कारण तुमच्या पिढीला हे फार ऐकावं लागतं.

आजीच्या तरुणपणी बहुतेक घरांत रेकॉर्ड प्लेअर नव्हताच, रेडिओ होता. 'कामगार सभा', 'आपली आवड' हे कार्यक्रम लोकांनी ऐकले ते काम करता करता. कुणी पोळ्या लाटत होतं, कुणी इस्त्री करत होतं. रोज डोळे मिटून मैफल ऐकणारी माणसं तेव्हाही थोडीच होती. तेव्हा कानात गाणं आणि हातात काम, ही काही तुमच्यापासून सुरू झालेली गोष्ट नाही.

गाणी आखूड झाली, हाही आरोप तुमच्यावर होतो. आखूडपणाला साधन जबाबदार असतं. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं की एक ऐकणं मोजलं जातं, म्हणून आज गाण्याचं मुख्य आकर्षण लवकर पुढे येतं. पण साधनानं आधीही हेच केलंय. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, म्हणजे ७८ गतीच्या, तबकडीची एक बाजू साडेतीन मिनिटांच्या आसपास संपायची. तेवढ्यात राग उभा करायचा. अब्दुल करीम खाँसाहेबांनी केला, केसरबाई केरकरांनी केला. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी अंतराळात गेली, तिच्यावर केसरबाईंची भैरवी आहे, तीही अशीच साडेतीन मिनिटांची. आखूड म्हणजे उथळ, असं कुणी म्हणालं तर त्याला ती ऐकव.

आता आजीच्या बाजूचं. फरक पडलाय तो निवडीत. माझ्या दुकानात गाणी भरून घ्यायला लोक यादी घेऊन यायचे. सी-६० म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं, सिनेमाचं गाणं साडेतीन-चार मिनिटांचं. दोन्ही बाजू मिळून सोळा गाणी, ओढूनताणून सतरा. यादीत वीस असायची. मग माणूस काउंटरला कोपर टेकून उभा राहायचा आणि कुठली चार काढायची यावर अर्धा अर्धा तास विचार करायचा. शाहूपुरीतला एक कॉलेजचा मुलगा होता, त्यानं एक गाणं काढलं, घरी गेला, संध्याकाळी परत आला आणि म्हणाला, "काका, ते परत घाला, दुसरं कुठलंही काढा." आपल्याला काय आवडतं हे त्या मुलाला त्या दिवशी कळलं. तुझ्या फोननं तुला काहीच सोडायला लावलेलं नाही. पुढचं गाणंसुद्धा तोच ठरवतो.

म्हणून तू फक्त सोळा गाण्यांची यादी कर. सतरावं घालायचं असेल तर एक काढायचं. महिनाभर जपून बघ.

आणखी एक, हे तुझ्या आजीलाही वाचून दाखव. मोठा ख्याल ऐकायला तुझ्या हातातलं साधन तिच्या काळच्या कुठल्याही साधनापेक्षा चांगलं आहे. एलपीची एक बाजू वीस-पंचवीस मिनिटांत संपायची, मग उठून उलटायची. कॅसेटमध्ये नेमकी तान रंगात आली की खट्. तुझ्याकडे विलंबितापासून द्रुतापर्यंत पाऊण तास एकसंध वाजू शकतं. फक्त सेटिंगमध्ये जाऊन 'शफल' आणि 'क्रॉसफेड' बंद कर. क्रॉसफेड चालू असला तर एका रागाचा शेवट दुसऱ्याच्या आलापात मिसळतो. आणि फुकटच्या आवृत्तीत जाहिरात येते, ती मैफलीला फार मारक आहे. परवडत असेल तर महिन्याचे पैसे भर.

आजीला एक दिवस तिच्या आवडीचं गाणं विचार आणि दोघी मिळून ऐका. ते तिला का आवडतं, पहिल्यांदा कुठे ऐकलं, हे ती सांगेल, तेव्हा तिला विचारून तिचा आवाज फोनवर भरून घे. का, ते पुढच्या एका पत्रात येईल.

प्रश्न: जुन्या काळ्या तबकड्यांवर बुरशीसारखे डाग आहेत. ओळखीच्यांनी स्पिरिटनं पुसायला सांगितलं. पुसू का? (सातारा)

अजिबात नको. या जुन्या ७८च्या तबकड्या लाखेपासून केलेल्या आहेत, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार लाकडाला पॉलिश करतात ते लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच. एकदा पुसलंत की वरचा थर, म्हणजे गाणंच, फडक्यावर येईल. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घ्या, त्यात भांडी घासायच्या द्रवाचा एखादा थेंब, आणि मऊ सुती कापडानं रेघांच्या दिशेनं गोल पुसा. मधल्या लेबलला पाणी लागू देऊ नका. लगेच कोरडं पुसून सावलीत उभी ठेवा. एलपी प्लास्टिकच्या असतात, त्यांना हा धोका नाही, तरी त्यांनाही हेच पाणी पुरतं. ओळखायचं कसं? जड असते, वाकत नाही, पडली की फुटते, ती लाखेची.

प्रश्न: न्यू जर्सीहून लिहिते आहे. मी १९८४ मध्ये लग्न होऊन इथे आले. फोन परवडत नसे, म्हणून सांगलीहून बाबा कॅसेट भरून पाठवत; एका बाजूला ते बोलत, आई ओव्या म्हणे, दुसऱ्या बाजूला मी उत्तर भरून परत पाठवी. आता दोघंही नाहीत. अकरा कॅसेट्स आहेत. एक मधेच तुटली आहे, दोन अगदी पुटपुटल्यासारख्या ऐकू येतात, एकीत बाबांचा आवाज लहान मुलासारखा येतो. माझ्या मुलींना गाण्याचं सगळं फोनवर मिळतं, त्यामुळे या कॅसेट्स म्हणजे काय हे त्यांना समजत नाही. वाचवता येतील का?

ताई, येतील. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही दोषांवर उपाय आहे, म्हणून सविस्तर लिहितो. अशा कॅसेट्स माझ्या दुकानातून किती तरी गेल्या. लोक मुद्दाम सी-६० मागायचे, कारण सी-९०ची पट्टी पातळ आणि सी-१२०ची तर फारच पातळ. पोस्टातून जाऊन-येऊन ती गुंतायची.

पहिली गोष्ट आज करा: प्रत्येक कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोट्या प्लास्टिकच्या खुंट्या असतात, त्या तोडून टाका. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी काही पुसलं जाणार नाही. आणि दुरुस्ती होईपर्यंत एकही कॅसेट वाजवू नका, कितीही वाटलं तरी.

तुटलेली पट्टी जोडता येते, पण घरातला सेलोटेप लावू नका. त्याचा डिंक कडेनं बाहेर येतो आणि पट्टीचे वरचे-खालचे वेढे एकमेकांना चिकटतात. जोडायची खास चिकटपट्टी मिळते. दोन्ही टोकं एकत्र धरून तिरकी कापायची आणि मागच्या बाजूनं, म्हणजे डेकमधल्या आवाज वाचणाऱ्या हेडला न लागणाऱ्या बाजूनं, जोडायची. अर्ध्या सेकंदापेक्षा कमी आवाज जातो.

पुटपुटल्यासारखा आवाज येतो त्याला दोन कारणं असतात. कॅसेटच्या तोंडाशी तांब्याच्या पट्टीवर नखाएवढा नमदा चिकटवलेला असतो. तो पट्टीला हेडवर दाबून धरतो. जुना डिंक सुकून तो नमदा गळून पडतो, आणि मग पट्टी हेडपासून जराशी लांब राहते. उपाय: पाच स्क्रू काढून कॅसेट उघडायची आणि दोन्ही रिळं नव्या खोक्यात बसवायची. स्क्रू नसलेली चिकटवलेली कॅसेट असेल तर पात्यानं शिवणीवर उघडावी लागते, ते सराईत हाताचं काम.

दुसरं कारण हेडच्या कोनाचं. बाबांच्या रेकॉर्डरचं हेड किंचित तिरकं असेल तर त्यांनी भरलेला आवाजही तसाच तिरका भरला गेला. सरळ हेडच्या डेकवर तो गोधडीतून बोलल्यासारखा येतो. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवून तो केसभर फिरवायचा आणि 'स', 'श' कडे कान ठेवायचा. एका जागी आल्यावर आवाज एकदम उघडतो, श्वास घेतलेलासुद्धा ऐकू येतो. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा त्या क्षणी काय होतो ते मी पाहिलं आहे, म्हणून सांगतो, ज्याच्याकडे काम द्याल त्याला 'ॲझिमथ, म्हणजे हेडचा कोन, प्रत्येक कॅसेटला वेगळा लावाल ना?' एवढंच विचारा. उत्तर ऐकून माणूस कळेल.

लहान मुलासारखा आवाज म्हणजे भरताना रेकॉर्डरचे सेल उतरलेले होते. पट्टी हळू चालली, आता योग्य वेगानं वाजवली की आवाज चिरका येतो. कॉम्प्युटरवर उतरवल्यावर ऑडॅसिटीसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये वेग कमी करून तो सरळ करता येतो. सेल हळूहळू उतरत जातात, त्यामुळे सुरुवातीला कमी आणि शेवटाकडे जास्त दुरुस्ती लागते. बाबांचा खरा आवाज तुमच्या कानात आहे, तेव्हा ही दुरुस्ती तुम्ही शेजारी बसूनच करून घ्या. आईच्या ओव्यांचा सूरही त्यातूनच बरोबर येईल.

बाजारात स्वस्तातली प्लास्टिकची यंत्रं मिळतात, कॅसेट घाला आणि यूएसबीतून आवाज घ्या म्हणतात. त्यांची मोटर डगमगते आणि कोन जुळवायची सोय नसते. चांगला दुरुस्त केलेला जुना डेक हवा. फाइल 'वॅव्ह' प्रकारात ठेवा. तासाभराची सहाशे-साडेसहाशे एमबी होते, आजच्या मानानं काहीच नाही. एमपी-थ्री फक्त ऐकायला. प्रती दोन, दोन वेगळ्या घरांत, दुसरी मुलीकडे. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे दर्जा उतरत नाही. भारतात घेऊन येणार असाल तर हातातल्या बॅगेतून आणा, विमानतळावरच्या क्ष-किरणांनी कॅसेट पुसली जात नाही.

आणि दोन्ही बाजू शेवटपर्यंत उतरवा. तीच कॅसेट पुन्हा पुन्हा भरली गेली असेल, तर उत्तर भरताना जुना आवाज पूर्ण झाकला गेलेला नसतो. तुमचं बोलणं वीस मिनिटांत संपलं असेल, तर पुढच्या दहा मिनिटांत बाबांच्या आधीच्या पत्राचं शेपूट अजून तिथे असेल. अशी शेपटं मला पुष्कळ सापडली आहेत.

मुलींचं म्हणाल तर त्यांना कॅसेट समजावून सांगू नका. उतरवून झालं की आजीच्या ओव्यांचा तेवढा तुकडा वेगळा काढा आणि त्यांच्या फोनवर पाठवा. त्या जिथे रोजची गाणी ऐकतात तिथेच तो वाजू द्या.

प्रश्न: मी २६ वर्षांचा, नाशिक. मित्रांकडे बघून सुटकेससारखा रेकॉर्ड प्लेअर घ्यावासा वाटतो. एलपीचा आवाज खरंच चांगला असतो का? वडील म्हणतात, आम्ही सुटलो त्यातून, तू कशाला अडकतोस?

स्वच्छ आवाज हवा असेल तर फोन आणि बरे स्पीकर पुरेत. एलपी घ्यायची ती वीस मिनिटं एका जागी बसण्यासाठी आणि हातात काही तरी धरण्यासाठी, हे कारण मला पूर्ण मान्य आहे. पण सुटकेसवाला नको. त्यातल्या बऱ्याच प्लेअरांची सुई जड बसते आणि दाब कमी-जास्त करता येत नाही. रेकॉर्ड लवकर झिजते. त्याच पैशांत थोडी भर घालून वजन जुळवता येणारा, सुई बदलता येणारा साधा प्लेअर घे, जुना दुरुस्त केलेलाही चालेल. नव्यानं छापलेल्या एलपी महाग आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच डिजिटल मुद्रणावरूनच काढलेल्या असतात, तेव्हा जुन्या शोध. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, मुंबईत चोरबाजार आहे. रेकॉर्ड उजेडाकडे तिरकी धरून बघ. नखाला लागेल असा ओरखडा असेल तर सोडून दे. एलपी चुकूनही आजोबांच्या चावीच्या ग्रामोफोनवर लावू नकोस. त्याच्या ध्वनिपेटीचं वजन आणि पोलादी पिन एका फेरीत तिची वाट लावते. ती पिन ७८साठी होती, आणि तिथेही प्रत्येक बाजूला नवी लावायची असायची.

वडिलांना मात्र एकदा विचार, त्यांनी पहिली रेकॉर्ड कुठली घेतली होती. सुटलेल्या माणसालाही ते आठवत असतं.

प्रश्न: फोंड्याजवळ आमचं जुनं घर आहे. माळ्यावर आजोबांच्या ७८च्या तबकड्यांच्या दोन पेट्या सापडल्या. मुलं म्हणतात, डिजिटल करून यूट्यूबवर टाकू आणि पेट्या विकू. कुणाला द्याव्यात? यूट्यूबवर टाकलं तर चालतं का?

विकायची घाई करू नका, आधी यादी करा. लेबलवर कंपनीचं नाव, गायकाचं नाव, गाण्याची पहिली ओळ आणि कॅटलॉग क्रमांक असतो. लेबलच्या कडेला, चकचकीत भागात, आणखी एक क्रमांक दाबून उमटवलेला असतो, तो मुद्रणाचा क्रमांक, तोही लिहा. तबकडी ऐकताना शेवटची काही सेकंदं सोडू नका. १९०२ मध्ये कलकत्त्यात गायिका गौहरजाननं आपल्या देशातली अगदी सुरुवातीची ध्वनिमुद्रणं दिली, तेव्हा गाणं संपल्यावर ती स्वतःचं नाव पुकारायची. पुढे बरीच वर्षं अनेक गायक-गायिकांनी तसं केलं. तबकड्या परदेशी कारखान्यात छापल्या जात आणि तिथल्या माणसांना कोण गातंय हे कळायला हवं होतं, असं त्याचं कारण सांगतात. लेबल पुसलं गेलेलं असेल तर तो पुकारा तुमच्या उपयोगी पडेल.

एचएमव्हीच्या तबकड्यांतलं बरंच पुढे एलपी-कॅसेटवर आलं, फोनवरही आहे. पण यंग इंडियासारख्या कंपन्या केव्हाच मिटल्या, त्यांच्या कित्येक तबकड्यांचा आवाज फक्त अशा माळ्यांवर शिल्लक आहे. तुमच्या पेट्यांत त्या असतील तर त्या सगळ्यांत आधी उतरवून घ्या. ७८ची रेघ रुंद असते, तिला रुंद सुई लागते. एलपीच्या सुईनं उतरवलं तर नुसती खरखर येईल.

कायद्याचं असं आहे की ध्वनिमुद्रणावरचा हक्क, ते प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं असतो. त्यामुळे जुन्या ७८च्या मुद्रणावरचा हक्क बहुधा संपलेला असतो. पण गीत आणि चाल यांचा हक्क कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो, तो वेगळा पाहावा लागतो. पारंपरिक बंदिशींची अडचण नाही. मुलांना यूट्यूबवर टाकू द्या, चांगलं काम आहे. फक्त प्रत्येकाखाली लेबलचा फोटो, दोन्ही क्रमांक आणि तबकडी कुणाच्या घरची ते लिहायला सांगा. नुसतं 'जुनं दुर्मिळ गाणं' असं लिहून टाकलेलं अभ्यासकाच्या काही कामाचं नसतं.

द्यायच्या असतील तर मुंबईत १९९०पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांची संस्था आहे, त्या वर्तुळातली माणसं तुमची यादी बघून नेमकं सांगू शकतील. कुणालाही देताना उतरवलेल्या आवाजाची एक प्रत आपल्याला मिळेल, हे कागदावर लिहून घ्या. आणि फुटलेल्या तबकड्या यादीतून वगळू नका. दोनच तुकडे झाले असतील तर जोडून, रेघा जुळवून त्या एकदा वाजवता येतात, आणि त्या एका वाजवण्यात आवाज उतरवून घेता येतो. तुकडे एकमेकांवर घासू देऊ नका, वेगवेगळ्या वर्तमानपत्रात गुंडाळा आणि एकाच पाकिटात ठेवा.